मूळ शॉकअप न बिघडवता गाडी किती खाली घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पेट्रोलवर चालणारी तुमची हॅचबॅक पाच वर्षांत ४६,००० किलोमीटर धावली आहे, शॉकअप कुठेही गळत नाहीत, तेव्हा ते तसेच ठेवून फक्त स्प्रिंग बदलल्या आणि गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली, तर चालेल का? इंदूरच्या सुदामानगरहून रोज पीथमपूरला जाणे-येणे आणि महिन्या-दोन महिन्यांतून आई-वडील व बहिणीला घेऊन जाम गेटच्या घाटाने महेश्वर, असा गाडीचा वापर तुम्ही लिहिला आहे. हा शेवटचा तपशील तुम्ही ओघात लिहिला असेल, पण माझे उत्तर मुख्यतः त्यावरच बेतलेले आहे. मूळ शॉकअपवर ४० मिलिमीटर घेऊ नका. २० ते २५ मिलिमीटर बहुधा जमेल. मात्र तो आकडाही कॅटलॉग पाहून ठरवायचा नाही, तुमच्या गाडीच्या शॉकअपच्या रॉडवर मोजून ठरवायचा आहे.

स्प्रिंग गाडीचे वजन तोलते. शॉकअप वजन तोलत नाही. स्प्रिंगची हालचाल आवरणे एवढेच त्याचे काम. चाक खड्ड्यातून वर येते तेव्हा स्प्रिंग दबते आणि तिच्यात ऊर्जा साठते, आणि ती ऊर्जा परत सुटताना गाडी वर उसळू नये म्हणून शॉकअपमधले तेल बारीक झडपांतून ढकलले जाऊन ती उष्णतेत जिरवते. म्हणून बहुतेक शॉकअप दबताना हलके आणि उलगडताना जड असतात, आणि त्यांच्या झडपा कंपनीने मूळ स्प्रिंगच्या ताकदीला जुळवून बसवलेल्या असतात. स्प्रिंग कडक झाली की तिला आवरायला लागणारी ताकदही वाढते, पण तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही. ती वर्गमुळाच्या हिशेबाने वाढते. स्प्रिंग २० टक्के कडक केली तर शॉकअपवरची मागणी साधारण साडेनऊ टक्क्यांनी वाढते, आणि ५० टक्के कडक केली तर २२ टक्क्यांच्या आसपास. चांगल्या स्थितीतला मूळ शॉकअप पहिली वाढ निभावून नेतो. दुसरी वाढ त्याला झेपत नाही, आणि ते चालवणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळते.

तरीही कडकपणापेक्षा मोठी अडचण उरलेल्या जागेची आहे, आणि खरेदी करताना तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. शॉकअपच्या रॉडवर वरच्या बाजूला फेसाळ पॉलियुरेथेनचा एक ठोकळा असतो, ज्याला गॅरेजात सगळे नुसते स्टॉपर म्हणतात. चालक बसलेला असताना शॉकअपच्या टोपीपासून, म्हणजे जिथून रॉड बाहेर येतो त्या वरच्या टोकापासून, स्टॉपरपर्यंत समजा ४५ मिलिमीटर मोकळी जागा आहे आणि स्टॉपर पूर्ण दबेपर्यंत आणखी ३० मिलिमीटर मिळतात, म्हणजे चाकाला वर यायला एकूण ७५ मिलिमीटर आहेत. गाडी २५ मिलिमीटर खाली घेतली की त्यातले ५० उरतात. ४० खाली घेतली की ३५ उरतात, आणि मोकळी जागा तर अवघी पाच मिलिमीटर राहते. आता स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे, ७५ मिलिमीटरमध्ये जो धक्का जिरत होता तोच ५० मिलिमीटरमध्ये एकट्या स्प्रिंगने जिरवायचा तर ती सव्वादोन पट कडक हवी, आणि ३५ मिलिमीटरमध्ये जिरवायचा तर साडेचार पटीहून जास्त कडक हवी. बाजारातल्या गाडी खाली घेणाऱ्या स्प्रिंग साधारण १५ ते ३० टक्केच कडक असतात, आणि त्याहून कडक केल्या तर गाडीत बसणे असह्य होईल. मधली सगळी तूट स्टॉपर भरून काढतो. "स्प्रिंग कडक आहे, त्यामुळे शॉकअप तळाला लागणार नाही" हे दुकानदाराचे म्हणणे या हिशेबापुढे टिकत नाही.

एकदा गाडी स्टॉपरवर बसली की त्या क्षणापुरती स्प्रिंग अनेक पटींनी कडक झाल्यासारखी होते आणि दबलेला स्टॉपर जोराने परत उसळी देतो. त्या उसळीसाठी मूळ शॉकअपच्या झडपा बनवलेल्या नसतात. तेल तापते, दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये त्यात गॅसचा फेस मिसळतो, आणि फेसाळलेले तेल झडपांतून जवळपास विनाअडथळा निघून जाते. हे रोज घडत राहिले की आधी झडपांच्या पातळ चकत्या थकतात आणि मग टोपीतले, तेल अडवून धरणारे सील जाते.

याच्या उलट टोकाचीही एक गोष्ट आहे, जी जॅकवर चाक लोंबकळत असताना दिसते. वरच्या उदाहरणातल्या पुढच्या चाकावर ३,००० न्यूटन भार आहे आणि मूळ स्प्रिंग २५ न्यूटन प्रति मिलिमीटरची आहे असे धरू. ती १२० मिलिमीटर दबून बसेल. तिची मोकळी, म्हणजे भार नसतानाची, लांबी ३६० असेल तर गाडी उभी असताना ती २४० होते, आणि शॉकअप पूर्ण उलगडल्यावर तिच्या दोन बैठकींमधले अंतर ३०० असेल तर तेव्हाही ती ६० मिलिमीटर दबलेली, म्हणजे घट्ट बसलेली असते. आता ३० न्यूटनची स्प्रिंग घालून २५ मिलिमीटर खाली गेलात, तर नव्या स्प्रिंगची मोकळी लांबी ३१५ येते आणि लोंबकळताना ती १५ मिलिमीटर दबलेली राहते. हे ठीक आहे. त्याच ताकदीची स्प्रिंग ४० मिलिमीटर खाली नेणारी असेल तर मोकळी लांबी बरोबर ३०० येते आणि दाब शून्य होतो. चाक खोल खड्ड्यात उतरले की अशी स्प्रिंग बैठकीतून सुटी होते, फिरते आणि परत बसताना वाकडी बसते. उत्तम निर्माते हे टाळण्यासाठी काही वेढे जवळजवळ व मऊ ठेवतात, जे उभ्या गाडीत मिटलेले असतात आणि चाक लोंबकळल्यावर फक्त स्प्रिंग जागेवर धरून ठेवायला उलगडतात. स्वस्त स्प्रिंगमध्ये ही काळजी क्वचितच घेतलेली असते.

चार-पाच वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेली एक गाडी मी विसरलेलो नाही. दुसरीकडे कुठेतरी ४० मिलिमीटरच्या स्प्रिंग घातलेल्या होत्या, शॉकअप मूळचेच होते, आणि वर्षभरातच मागचे दोन्ही गळायला लागले होते. मालकाला वाटत होते की शॉकअपच निकृष्ट निघाले. मी रॉड पुसून ट्यूबलाइटच्या उजेडात आडवा धरला, तर खालचा भाग आरशासारखा चकचकीत होता आणि त्याच्या वर दोन बोटे रुंदीच्या पट्ट्यात खसखशीच्या दाण्याएवढे खळगे पडलेले होते. तो पट्टा गाडी मूळ उंचीवर असताना सीलच्या बाहेरच राहत असे. रॉड झाकणारे डस्ट कव्हर फाटलेले, त्यामुळे वर्षानुवर्षे चिखल आणि बारीक खडी त्यावर उडत राहिली. गाडी ४० मिलिमीटर खाली गेली आणि नेमका तोच खडबडीत पट्टा दिवसभर सीलच्या ओठातून आत-बाहेर करू लागला. सीलची कड कानशीने घासावी तशी कापली गेली होती, आणि स्टॉपरचा पिवळट, चिकट भुगा टोपीवर साचला होता. त्या शॉकअपचा काही दोष नव्हता. म्हणून मूळ शॉकअप ठेवायचे असतील तर आधी कव्हर वर सरकवून रॉडवर नख फिरवून पाहा. नखाला कुठे काही लागले, तर तो शॉकअप खाली घेण्याच्या लायकीचा राहिलेला नाही, मग बाहेरून तो कितीही कोरडा दिसो. टोपीजवळ तेलाचा हलका, धूळ धरलेला थर चालतो. ओला ओघळ चालत नाही. बॉनेट दाबून गाडी किती वेळा हलते ते मोजण्याच्या जुन्या परीक्षेवर मी फारसा विश्वास ठेवत नाही, कारण त्या संथ हालचालीत अर्धा मेलेला शॉकअपही पास होतो.

इंदूरच्या आसपास हे सगळे आणखी महत्त्वाचे ठरते. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून फाटते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता खड्डे नसतानाही लांब लांब लाटांनी वर-खाली झालेला असतो. ३० न्यूटनच्या स्प्रिंगवर तुमच्या गाडीचे पुढचे अंग सेकंदाला साधारण दीड-पावणेदोन वेळा झुलण्याच्या स्वभावाचे होईल, आणि ताशी ९० किलोमीटर वेगाने १६ मीटर लांबीच्या लाटा नेमक्या त्याच तालात गाडीला झोके देतील. शॉकअपची उलगडतानाची पकड कमी पडत असेल तर ती इथे उघडी पडते: पहिल्या लाटेवर काही वाटत नाही, तिसऱ्या लाटेवर गाडी तरंगते आणि चौथ्या लाटेवर स्टॉपरवर आपटते. गतिरोधकांचे काय सांगावे! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखाने ओलांडता येईल असा हवा. वसाहतींत लोकांनी स्वतः घातलेले बंधारे यातले काहीच पाळत नाहीत. रोज ज्या रस्त्याने तुम्ही पीथमपूरला जाता, तिथेच नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरच्या वेगवान मार्गाबरोबरच खराब रस्त्यांवर गाडी थकवून पाहण्याचेही मार्ग आहेत. गाडीची स्प्रिंग, शॉकअप आणि स्टॉपर हे तिन्ही एकत्र, पूर्ण भार घालून पारखले जातात. त्यातले एकच बदलले की उरलेल्या दोघांची पारख पुन्हा आपल्यालाच करावी लागते.

ती पारख करायला फार सामान लागत नाही. केबल बांधायची बारीक प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे झिप टाय, चारही शॉकअपच्या रॉडवर बांधा. पट्टीचे शेपूट कापून कड गुळगुळीत करा आणि ती खाली सरकवून टोपीला टेकवून ठेवा. तार कधीही वापरू नका, ती रॉडवर ओरखडा काढते. शॉकअप दबला की टोपी पट्टीला वर ढकलते आणि उलगडला की पट्टी तिथेच राहते, म्हणजे सर्वांत जास्त दबल्याची खूण आपोआप उमटते. मूळ स्प्रिंगवरच एक आठवडा रोजचा रस्ता चालवा, आणि नंतर पट्ट्या पुन्हा खाली सरकवून घरच्यांना घेऊन, सामानासह, एकदा महेश्वर करून या. सपाट जागी चालक आत बसलेला असताना टोपी ते स्टॉपर आणि टोपी ते पट्टी ही दोन्ही अंतरे मोजून लिहून ठेवा. दोन्ही आकडे सारखे असतील तर पट्टी स्टॉपरला टेकली आहे, म्हणजे मूळ उंचीवरही तुमची गाडी स्टॉपरपर्यंत पोहोचते. पट्टी स्टॉपरखाली जितकी शिल्लक असेल तितकेच खाली जाणे शॉकअपला खऱ्या अर्थाने बिनधोक असते. थोडेफार स्टॉपरवर जाणे मी मान्य करतो, त्यासाठीच तो बनवलेला आहे. पण गाडी उभी असताना, भार भरल्यावर, टोपी आणि स्टॉपर यांच्यात निदान १५ मिलिमीटर उजेड दिसलाच पाहिजे, हा माझा नियम आहे आणि तो मी ग्राहकाच्या आग्रहाखातरही मोडत नाही.

भाराचा हिशेब मागच्या चाकांना विशेष लागू होतो. मागे तिघे बसले आणि डिकीत सामान भरले की मागच्या ॲक्सलवर सहज २०० किलो वाढतात, म्हणजे एका बाजूला १००. २५ न्यूटनच्या स्प्रिंगवर तेवढ्याने गाडी सुमारे ४० मिलिमीटर बसते. स्प्रिंगने आधीच ४० खाली नेलेली गाडी महेश्वरच्या वाटेवर ८० खाली असेल. हाच तुमच्या प्रश्नाचा खरा अडसर आहे. एकटे पीथमपूरला जाणारे असतात तर मी इतका हात आखडता घेतला नसता.

आता स्प्रिंग निवडण्याबद्दल. दुकानदाराकडे फक्त "किती खाली जाईल" एवढेच विचारू नका. कडकपणाचा आकडा मागा, आणि वाढत जाणाऱ्या कडकपणाची स्प्रिंग असेल तर सुरुवातीचा व शेवटचा असे दोन्ही मागा, कारण खोल खड्ड्यात शॉकअपला शेवटच्या आकड्याशीच झुंजायचे असते. तुमच्या वापराला मागे अशी वाढत्या कडकपणाची स्प्रिंग मला योग्य वाटते. एकट्याने जाताना ती मऊ राहते आणि भार आल्यावर सावरते. पुढे साधी, एकसारख्या कडकपणाची असली तरी चालेल, फक्त मूळपेक्षा २० टक्क्यांच्या पलीकडे नको. आयबाख, एच अँड आर यांसारख्या जर्मन निर्मात्यांच्या स्प्रिंगबरोबर कागद येतो, त्यावर पुढच्या व मागच्या ॲक्सलचा कमाल भार लिहिलेला असतो. तो आपल्या नोंदींशी ताडून पाहा. डिझेल इंजिन जड असते म्हणून त्याची पुढची स्प्रिंग वेगळी असते, आणि एकाच मॉडेलच्या पेट्रोल गाडीत ती बसवली तर गाडी हवी तेवढी खाली जात नाही आणि नाकावर उगाच कडक होते. ज्या निर्मात्याकडे हे आकडे नाहीत, त्याची स्प्रिंग निम्म्या किमतीत मिळत असली तरी घेऊ नका.

मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापून काम भागवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. प्रत्यक्ष दबणाऱ्या सहा वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग २० टक्के कडक होते, इथवर गणित बरोबर आहे. पण कापलेले टोक बैठकीत बसत नाही, लोंबकळताना स्प्रिंग सुटी होते, आणि गॅसच्या ज्योतीने कापली किंवा तापवून बसवली असेल तर त्या जागी पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि ती तिथेच तुटते. तुटलेल्या स्प्रिंगचे टोक टायर फाडते. हे काम माझ्या गॅरेजात होत नाही.

बसवताना काही गोष्टींचा आग्रह धरा. स्टॉपर आणि डस्ट कव्हर चारही नवीन घाला. स्प्रिंगबरोबर आखूड स्टॉपर दिलेले असतील तर तेच वापरा, आणि तशी सूचना नसेल तर स्टॉपर कापू नका, कारण स्टॉपर कापल्याने शॉकअपच्या आतल्या पिस्टनला तळाच्या झडपेवर आपटायला मोकळीक मिळते. पुढच्या शॉकअपमध्ये स्प्रिंग मुद्दाम किंचित कलती बसवलेली असते, जेणेकरून रॉडवर येणारा आडवा जोर कमी व्हावा. म्हणून तिचे टोक बैठकीच्या खाचेत नीट टेकले आहे ना, हे स्वतः पाहा. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना पक्के करू देऊ नका. चाके जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच ते आवळायचे, नाहीतर आर्ममधले रबर कायम पिळलेले राहते, काही महिन्यांत फाटते आणि गाडीही नीट बसत नाही. ही चूक मला दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गाडीत दिसते. जुन्या काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला, भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी खाली गेली की त्याला ती भरलेली वाटते आणि रिकाम्या गाडीची मागची चाके आधी जाम होतात. तुमच्या गाडीत तो असेल तर त्याची जुळवणी करून घ्या. हेडलाइटचा झोतही त्याच दिवशी तपासा.

कायद्याचेही पाहावे लागेल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ कडकपणे लावला आहे. स्प्रिंग बदलण्यापूर्वी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मूळ स्प्रिंग भंगारात न देता तेल लावून जपून ठेवा.

चाळीस मिलिमीटरच हवे असतील, आणि दिसण्याची हौस असणे यात काही गैर नाही, तर खाली घेतलेल्या गाडीसाठीच बनवलेले आखूड शॉकअप घ्या. बिलस्टीन कंपनीची बी-८ मालिका याच कामासाठी आहे आणि तिची बी-६ मालिका मूळ उंचीसाठी आहे. दुकानात दोन्हींची गल्लत होते, म्हणून खोक्यावरचा क्रमांक वाचून घ्या. खर्च दुप्पट-तिप्पट होईल, आणि तरीही भरल्या गाडीने महेश्वरला जाताना मागच्या बाजूचा प्रश्न उरेलच. तुम्हाला मुख्यतः वळणावर गाडी कमी कलायला हवी असेल, तर आधी मूळ प्रकारचेच नवे शॉकअप आणि चांगले टायर घालून पाहावेत असे मला वाटते. पुढच्या सस्पेन्शनची रचना अशी असते की गाडी खाली नेली तरी तिचा कल नेहमी कमी होतोच असे नाही, कारण गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीपेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो.

पंचवीसचा निर्णय घेतलात तर बसवल्यावर ५०० किलोमीटर चालवा, तेवढ्यात स्प्रिंग थोडी बसते. मग कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचे तोंड आत की बाहेर वळले आहे ते) यांचे अलाइनमेंट करून घ्या आणि झिप टाय पुन्हा बांधून तोच रोजचा रस्ता व तीच महेश्वरची फेरी करा. मागची पट्टी स्टॉपरला टेकून त्यात रुतलेली आढळली, तर मागच्या बाजूला मूळ स्प्रिंग परत घाला किंवा शॉकअप बदला. पुढची पट्टी स्टॉपरखाली थांबलेली असेल, तर तुमचे मूळ शॉकअप या स्प्रिंगबरोबर चालत राहतील आणि पुढची तपासणी १०,००० किलोमीटरनंतर केली तरी पुरे.